आण्णांनी निवडलेला टीव्ही

“हे दिवं जरा घालवता येतील का हो?”

शोरूममध्ये शिरल्यावर गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं, नाहीतर सूट विचारतं. दिवे बंद करायला सांगणारा माणूस माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच भेटत होता. मी वळून पाहिलं. पंचाहत्तरीचे एक आजोबा उभे होते. पांढरा पायजमा, स्वच्छ पण बिनइस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. त्यांच्या मागे बोटात गाडीची किल्ली फिरवणारा, चाळिशी ओलांडलेला एक भारदस्त गृहस्थ.

“काका, दिवे घालवले तर दुकान बंद झालं असं वाटेल की लोकांना,” मी हसून म्हणालो.

“मग हितं टीव्ही बघून काय कळायचं? घरात दिवं घालवूनच बघणार न्हवं आम्ही सिनेमा?”

गृहस्थ पुढे आले. “मी उदय चौगले. शिरोलीला फौंड्री आहे माझी. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होम थिएटर करालोय. हे आमचे आण्णा. रत्नमाला टॉकीजला ऑपरेटर होते, एकतीस वर्षं मशीन चालवलंय त्यांनी. म्हणून म्हटलं, टीव्ही त्यांनीच निवडायचा.”

हे ऐकताना आण्णा उगीचच समोरच्या फ्रिजकडे बघत होते, पण चेहरा खुलला होता. ते लपवणं त्यांना काही जमलं नाही.

ही दोन हजार बाराच्या नवरात्रातली गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा दसऱ्याला टीव्ही न्यायचा म्हणून लोक आठवडाभर आधीपासून दुकानं पालथी घालायचे. आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत मी म्हणजे राजा होतो. रमाकांत सुतार म्हटलं की मालकसुद्धा नीट खुर्ची द्यायचे. लागोपाठ तीन महिने सगळ्यांत जास्त टीव्ही मी विकले होते आणि माझा फोटो काऊंटरमागे लावलेला होता. गिऱ्हाईक काय घेऊन जाणार, हे मी त्याच्या चपला बघून सांगायचो. निम्म्या वेळा चुकायचं, पण ते मी कुणाला सांगत नसे.

मी दोघांना थेट माझ्या लाडक्या टीव्हीसमोर नेऊन उभं केलं. पन्नास इंची एलईडी, त्या वर्षीचा सगळ्यांत झगमगीत. त्यावर दिवसभर एकच फीत चालू असायची. पोपट, धबधबे, ट्यूलिपची शेतं, परत पोपट. शेजारीच त्याच कंपनीचा, त्याच मापाचा प्लाझ्मा टीव्ही होता. दुकानाच्या उजेडात तो बिचारा मलूल दिसायचा. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे आणि मीही कुणाला दाखवत नसे.

“बघा काका! पिसन् पीस मोजून घ्या,” मी म्हणालो.

आण्णांनी पोपट बघितला. मग मला विचारलं, “तुमच्या घरात पोपट हाय?”

“नाही.”

“माझ्याबी न्हाई. मग त्याचा रंग खरा का खोटा, ते मला कसं कळायचं? माणसं असल्यालं कायतरी लाव. माणसाचा रंग मला म्हाईत हाय.”

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मी एक सिनेमा लावला. नायिका खिडकीत उभी, अंगावर लाल साडी. दोन्ही टीव्हींवर तेच दृश्य चालू झालं. आण्णा मागे सरकले, मग आणखी मागे, पार मिक्सरच्या रांगेपर्यंत. तिथून डोळे बारीक करून बघत राहिले.

“ह्या तुमच्या झगमगणाऱ्या टीव्हीतली बाई रंगवल्यावानी दिसालीय,” ते तिथूनच म्हणाले. “गाल बघा, टोमॅटो झाल्यात. केस बघा. केस काळं पायजेत का निळं? त्या दुसऱ्यातली बाई बाईवानी दिसालीय. काळं ते काळंच हाय तिथं.”

“काका, तो डल आहे.”

“डल न्हाई. ह्या दिव्यांनी त्याला मारलाय. म्हणून तर म्हटलं, दिवं घालवा.” मग ते जमलेल्या लोकांनाच सांगायला लागले. “आमच्या वेळी मशीनमधी कार्बनच्या कांड्या जळायच्या. दोन कांड्यांत अंतर जरा जास्ती झालं की पडद्यावरचा उजेड बिघडायचा. हिरोईन पिवळी पडली की पब्लिक शिट्ट्या मारायचं. पब्लिकला काय ठाऊक कांड्या? पण माणसाचा रंग बिघडला की ते आंधळ्यालाबी कळतंय.”

लोक माना डोलवायला लागले. मंगळवार पेठेतलं एक जोडपं सकाळपासून माझ्या मागे होतं. एलईडी त्यांनी जवळजवळ घेतलाच होता, फक्त घरी पोचता कधी होणार एवढंच ठरायचं होतं. ती बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, “खरंच ओ, गाल बघा की.” आणि नवरा मला म्हणाला, “सुतार, आम्ही जरा विचार करून सांगतो.”

मला मिरच्या झोंबल्या. टीव्ही विकला गेला नाही म्हणून नव्हे; एकाच्या जागी दुसरा गेला असता. प्लाझ्माही आमचाच होता, तो विकला असता तरी मालक खूशच झाले असते. मला झोंबलं ते हे, की माझ्या दुकानात, माझ्या टीव्हीसमोर, लोक माझ्याकडे पाठ करून एका टोपीवाल्या म्हाताऱ्याचं ऐकत होते. ही माझी खरी लायकी. ती आधीच सांगून टाकतो.

“काकांचं बरोबर आहे,” मी मोठ्यानं म्हणालो. “सिनेमाचा टीव्ही अंधारातच बघायला पाहिजे. आमची मागं डेमो रूम आहे. दोन्ही टीव्ही आत मांडतो. पंधरा मिनिटं द्या.”

डेमो रूम म्हणजे दुकानाच्या मागची बिनखिडक्यांची खोली. स्पीकर ऐकवायला मालकांनी ती करून घेतली होती. हमालांनी टीव्ही आत नेऊन टेबलावर ठेवले. मी वायरी जोडत होतो तर आण्णाच आत आले आणि खुर्चीवर बसले. खोलीचा अंधार त्यांना मानवला असावा. गड्याला घरी आल्यासारखं वाटत होतं.

“किती वर्सं झाली ह्या धंद्यात?”

“नऊ.”

“चांगलं काम हाय. लोकांना चांगलं चित्र दाखवायचं, आमच्यावानीच.” मग म्हणाले, “तुला सांगतो, पोरानं आयुष्यात पयल्यांदा मला कायतरी विचारलंय. शाळेत असताना बाप काय करतोय म्हणून विचारलं, की थेटरात मॅनेजर हाय म्हणून सांगायचा. मला ठाऊक हुतं. मी कधी बोललो न्हाई. धुरानं माझ्या कपड्यांना वास यायचा, मित्र घरात आलं की मला मागच्या दारानं यायला लावायचा. पोरच ते. आणि आता म्हणतोय, आण्णा, तुम्ही सांगा खोली कशी करायची. सुनंनं भिंतींना क्रीम रंग पसंत केलावता. मी म्हटलं, राखाडी पायजे, न्हाईतर भिंतीच उजेड फेकत्यात. लगेच राखाडी लावला. कोच पडद्यापासनं किती लांब ठेवायचा ते मी टेप धरून मोजून दिलं. टेपचं दुसरं टोक त्यानं धरलंवतं.”

हे सांगून झाल्यावर ते स्वतःशीच हसले. मी वायरी जोडत “वा, वा” म्हणालो.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

“काका, तुम्ही बाहेर चहा घ्या,” मी म्हणालो. “तुमच्यासमोर मांडले तर कुठला कुठं आहे ते तुम्हाला कळेल. मग निवाडा खरा होणार नाही.”

“व्हय, बरोबर हाय,” म्हणत ते उठले. त्यांना ती गोष्ट पटली. पटली म्हणण्यापेक्षा आवडली.

ते गेल्यावर मी हमालांकडून टीव्हींच्या जागा बदलून घेतल्या आणि दार लावून घेतलं. दोन्ही टीव्हींच्या कडांना काळं कापड गुंडाळलं. नुसतं चित्र दिसेल, टीव्ही कुठला ते कळणार नाही, अशी व्यवस्था केली. आणखी एक काम केलं. ते पुढे सांगतो.

मग मी सगळ्यांना आत बोलावलं. उदय चौगले, मंगळवार पेठेतलं जोडपं, आणखी दोन बघे. त्या दोघांना यायची काही गरज नव्हती. मीच हाताला धरून आणलं. माझ्या विजयाला साक्षीदार नकोत का?

खोलीत मिट्ट अंधार झाला. दोन पडद्यांवर तीच नायिका, तीच खिडकी, तीच लाल साडी. आण्णा भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग म्हणाले, “रातीचा सीन लाव.” मी लावला. “आता काळा-पांढरा सिनेमा असंल तर लाव.” तोही लावला. उदय चौगले छातीवर हात बांधून बापाकडे बघत होता.

“डावा,” आण्णा म्हणाले.

“नक्की काका?”

“नक्की. उजव्यात काळा-पांढरा सिनेमा निळा-पांढरा झालाय. बाईचा रंग उतू चाललाय. डावा बघ कसा हाय. हितं बाई सावलीत आली तर सावलीत दिसती. ह्यो सिनेमा हाय, ते दुसरं जत्रंतलं चित्र.”

“परत एकदा बघता?” मी पुन्हा लाल साडीचं दृश्य लावलं.

“बघायचं काय त्यात? डावा.”

मी दिवा लावला आणि डाव्या टीव्हीवरचं कापड ओढलं. एलईडी. तोच झगमगणारा, पोपटाचा.

क्षणभर कुणाला काही उमजलं नाही. मग बघ्यांपैकी एक जण खो खो हसला. जोडप्यातल्या नवऱ्यानं टाळी वाजवली. “काका,” मी म्हणालो आणि आवाजात शक्य तितका आदर ओतला, “ज्याला बाहेर नावं ठेवलीत, अंधारात तोच निवडलात की!”

आणि उदय चौगले हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. पोट धरून, डोळ्यांतलं पाणी पुसत. “आण्णा, गेला की तुमचा डोळा! एकतीस वर्षं पब्लिकला गंडवलासा का काय ओ?”

आण्णा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांचं तोंड जरा उघडलं होतं, ते मिटलं. मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याला धक्का बसलाय, असं मला वाटलं. “असंल,” ते म्हणाले. “चूक झाली असंल.”

उदय चौगल्यांनी तिथल्या तिथं एलईडी घेतला. जोडप्यानंही घेतला. त्या संध्याकाळी मालकांनी सगळ्या स्टाफसमोर माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

आता ते दुसरं काम. टीव्ही दुकानात कसा लावून ठेवतात ते बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. शोरूमच्या ट्यूबलाईटच्या उजेडात उठून दिसावा म्हणून त्याचा उजेड आणि रंग पार वर चढवलेले असतात. तोच टीव्ही सेटिंग बदलून सिनेमासाठी लावला, की शांत होतो. रंग जागेवर येतात. आण्णा चहाला गेले, तेवढ्यात मी एलईडीचं सेटिंग सिनेमाचं केलं आणि बिचाऱ्या प्लाझ्माला भडक करून ठेवलं. माणूस डोळ्याला जे बरोबर दिसेल तेच निवडणार, हे मला ठाऊक होतं. आण्णांचा डोळा पक्का होता म्हणूनच माझा डाव लागला. डोळा कच्चा असता तर मीच तोंडघशी पडलो असतो.

आणि दिवा लागल्यावर, सगळे हसत असताना, मी हात पाठीमागे नेऊन रिमोटनं एलईडी परत झगमगीत करून टाकला. चौगले साहेब वळून बघतील तेव्हा त्यांना तो तसाच दिसायला हवा होता.

टीव्ही दसऱ्याच्या दिवशी बसवायचा होता. एरवी हे काम कंपनीचा माणूस करतो, पण चौगले साहेबांनी मालकांना फोन करून मलाच मागून घेतलं. “त्या सुतारांना पाठवा, लय हुशार माणूस आहे.” मी दुपारी रुईकर कॉलनीतल्या बंगल्यावर पोचलो. खाली पूजा आटोपली होती, गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, आतून श्रीखंडाचा वास येत होता. साहेब सासू-सासऱ्यांच्या सरबराईत होते. मला म्हणाले, “वर व्हा पुढं. आम्ही जेवून येतोच.”

वरची खोली उघडली आणि मी दारातच थांबलो. भिंती क्रीम रंगाच्या होत्या. रंगाचा वास अजून जाणवत होता. कोच मागच्या भिंतीला नेऊन चिकटवला होता आणि छताला मध्यभागी झुंबर लटकत होतं. आठ दिवसांत सगळं बदललं होतं.

आण्णा आधीच तिथं बसलेले होते. कोचावर नव्हे, कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.

“ये सुतार,” ते म्हणाले.

मी खाली मान घालून भिंतीत स्क्रू बसवायला लागलो. टीव्ही भिंतीवर चढला, वायरी जोडल्या, चित्र आलं. तोच पोपट.

“त्या दिवशी दिवा लागला तवा सगळी माझ्याकडं बघून हसालती,” आण्णा म्हणाले. “मी पडद्याकडं बघत हुतो. एकतीस वर्सांची खोड हाय, पडद्यावरनं डोळा हलत न्हाई. माझ्या देखत बाईचं गाल लाल झालं. मग तुझ्याकडं बघितलं. तुझा हात मागं हुता.”

“आण्णा, मी...”

“असू दे.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीत? तिथल्या तिथं माझी चंपी करायची होती.”

“बोलणारच हुतो. तोंड उघडलंवतं. तवर उदय हसला. कसा हसला बघितलास न्हवं? लहानपणापासनं मी त्याला तसा हसताना बघितला न्हवता. माझी चूक निघाली ह्याचा पोराला येवढा आनंद झाला, मग म्हटलं, आता खरं-खोटं करून काय उपेग?”

लाज म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. समोरच्या माणसानं शिव्या घातल्या तर बरं होईल असं वाटतं. आण्णा शिव्या घालत नव्हते.

“एक काम कर माझं,” ते म्हणाले. “टीव्ही वाईट न्हाई. त्या खोलीत बघितला न्हवं मी. तूच त्याला भडक करून ठेवलावतास. आता हितं कुणाला काय विकायचं न्हाई. तवा लावलावतास तसा लाव. आणि पोराला सांग, सिनेमा बघायला असाच ठेवायचा असतोय. माझं नाव घिऊ नगंस. तुझं म्हणून सांग. माझं आता त्यो ऐकायचा न्हाई, तुझं ऐकंल.”

“लावतो आण्णा,” मी म्हणालो. एवढंच मागत होते ते. कबुली नाही, माफी नाही. मी रिमोट घेतला आणि जीव ओतून सेटिंग लावलं. उजेड खाली आणला, रंग जागेवर आणले. सिनेमा लावून खिडक्यांचे पडदे ओढले. नायिकेचा चेहरा चेहऱ्यासारखा झाला.

आण्णा खुर्चीतून उठले, कोच होता त्या मूळ जागी जाऊन उभे राहिले आणि बघत राहिले. “हां,” ते म्हणाले. “आता झालं.”

मला वाटलं, फिटलं. खोटं कशाला बोलू, तेवढ्यानंच मला वाटलं होतं, की झालं गेलं फिटलं.

जिन्यावर पावलं वाजली. उदय चौगले, त्यांची बायको, सासू-सासरे, दोन मुलं, सगळे जेवून सुस्त होऊन वर आले. साहेबांनी सासऱ्यांना कोचाच्या मधोमध बसवलं. पडद्याकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“काय ओ सुतार? अंधुक काय दिसालंय हे?”

“साहेब, ते...”

“दुकानात असला नव्हता. दुकानात डोळे दिपत होते. टीव्ही तोच आणलाय न्हवं? का दुसराच माल चिकटवला?”

सासरे हसले. त्या हसण्यानं साहेबांचा चेहरा कडक झाला. “मालकांना फोन लावू का?”

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. सिनेमा असाच बघायचा असतो साहेब. एवढंच. ते वाक्य खरं होतं, मला ते येत होतं, आणि आण्णा माझ्याकडे बघत उभे होते. पण ते बोललो तर पुढचा प्रश्न येणार होता, की मग दुकानात वेगळा का दिसत होता? त्याच्या पुढचा प्रश्न डेमो रूमचा. मग मालक. मग काऊंटरमागचा फोटो. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात फिरून आलं.

“नाही नाही साहेब, टीव्ही तोच आहे,” मी म्हणालो. “आण्णांनी कमी करायला सांगितलं म्हणून मी उजेड उतरवला होता. वयोमानानं त्यांना उजेड खुपत असेल.”

मी रिमोट दाबला. टीव्ही परत झगमगला, साडी पेटल्यासारखी लाल झाली. मुलांनी “वॉव” केलं.

“आण्णा,” उदय चौगले म्हणाले. चिडून नाही, थकल्यासारखे. सासू-सासऱ्यांसमोर आपण किती सोसतो ते दाखवल्यासारखे. “परत सुरू झालं का तुमचं? भिंतीचं झालं, कोचाचं झालं. आता तरी नका की ओ यात पडू.”

माझी बोटं अजून रिमोटवर होती. अजूनही वेळ गेलेली नव्हती. आण्णा माझ्याकडे बघत असतील म्हणून मी त्यांच्याकडे मान वळवली, पण ते बघत नव्हते.

“बरं बाबा,” ते म्हणाले. “डोळं आता पयल्यावानी ऱ्हायलं न्हाईत.”

ते दाराकडे गेले. सुनेनं “आण्णा, बसा की, सिनेमा लावतोय” म्हटलं. ते “जरा पाय मोकळं करून येतो” म्हणाले आणि जिना उतरले. साहेबांनी झुंबराचे दिवे लावले. म्हणाले, “दिवा असला म्हणून काय बिघडत नाही, नाही ओ सुतार?” मी म्हणालो, “काही बिघडत नाही साहेब.”

त्यांनी मला आग्रहानं वाटीभर श्रीखंड खायला लावलं. मी खाल्लं. सासऱ्यांनी माझं नाव विचारून घेतलं, त्यांनाही सांगलीच्या घरी टीव्ही घ्यायचा होता.

जिना उतरताना मी मनाशी दोन वाक्यं जुळवली. आण्णा, माझं चुकलं. मी आत्ता वर जाऊन सगळं सांगतो. दोनच वाक्यं, पण ती मी प्रत्येक पायरीवर घोकली. खाली आलो तर आण्णा अंगणाच्या पायरीवर बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

त्यांनी वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. आधी तेच बोलले.

“भिऊ नगंस,” ते म्हणाले. “मी कुणाला सांगायचा न्हाई.”

मला वाटलं होतं की मी पश्चात्तापानं उभा आहे. त्यांना मात्र मी घाबरून उभा आहे असं दिसलं, आणि माणसाच्या चेहऱ्याबाबत तो डोळा कधी चुकत नव्हता. मी म्हणालो, “बरं आण्णा.” मग म्हणालो, “येतो.”

मी गाडीला किक मारली. वरच्या खिडकीतून सिनेमातल्या गाण्याचा आवाज येत होता. कॉलनीच्या कोपऱ्यावर वळल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी शीळ घालत होतो, तेच गाणं.